आजी, ओट्यावरून समोर काय दिसायचं? मौखिक इतिहासाची मुलाखत कशी घ्यायची

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडायला लागली. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर एक प्रश्न सारखा येतोय: तिथे आधी काय होतं? उत्तरं येतात ती आकड्यांत. ११६० हेक्टर जागा. दहा गावं हलवली. उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. हे सगळं बरोबर आहे, पण विचारणाऱ्याला वेगळंच काही हवं असतं. टेकडीच्या पायथ्याशी कोण राहायचं? नदीत काय सापडायचं? घर सोडताना देवघरातले देव कोणी उचलले?

हे सांगू शकणारी माणसं आज आहेत. पुनर्वसनाच्या नव्या घरांत आहेत, घणसोलीपासून दिवाळ्यापर्यंतच्या गावठाणांत आहेत, ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यातही आहेत. त्यांची नातवंडं हल्ली मला विचारतात, ‘आजोबांना रेकॉर्ड करायचंय, पण नेमकं विचारू काय?’ मी गेली काही वर्षं या पट्ट्यात अशा मुलाखती घेतोय. त्या अनुभवावरून हे लिहितोय.

## मौखिक इतिहास म्हणजे नेमकं काय?

एखाद्या माणसाने स्वतः जगलेला काळ त्याच्याच तोंडून, त्याच्या परवानगीने आणि पूर्वतयारी करून ध्वनिमुद्रित करायचा, आणि ते ध्वनिमुद्रण पुढच्या कोणालाही ऐकता येईल असं जपून ठेवायचं, याला मौखिक इतिहास म्हणतात. सांगणाऱ्याला मी या लेखात निवेदक म्हणेन. याहून जड शब्द लागणार नाही.

ही पत्रकाराची मुलाखत नाही. पत्रकाराला उद्याच्या अंकासाठी चार ओळी हव्या असतात. पोलिसांचा जबाबही नाही, कारण इथे कोणावर काही सिद्ध करायचं नसतं. पारावरच्या गप्पा याच्या सगळ्यात जवळच्या, पण गप्पा विरून जातात आणि ही नोंद राहते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली हे काम पद्धतशीर सुरू केलं. तेव्हा बहुतेक बड्या मंडळींना बोलतं केलं जायचं. गिरणीतला कामगार, शेतात राबणारी बाई, मासेमार यांच्याकडे रेकॉर्डर नंतर वळला, आणि मला वाटतं, या पद्धतीची खरी ताकद तेव्हाच दिसली.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनात आली. अधिसूचना, मोजणीचे नकाशे, निवाडे, फेरफार असे ढीगभर कागद त्यातून तयार झाले. पण ते सगळे घेणाऱ्याच्या टेबलावर लिहिलेले. ज्याची जमीन गेली त्याला त्या कागदांत एक रकाना मिळाला: नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र. त्या शेताला घरात कोणत्या नावाने हाक मारायचे, खाऱ्या पाण्याचा बांध कोणाच्या पाळीला होता, हे कुठेच नाही. आणि हिशोब सोपा आहे. १९७० साली वीस वर्षांचं असलेलं माणूस आज पंचाहत्तरी ओलांडून गेलंय.

## पण म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा कसा?

हा आक्षेप मला प्रत्येक ठिकाणी ऐकू येतो आणि तो रास्त आहे. म्हणून इथे जरा थांबू.

आपण समजतो की आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो. फार तर थोडा पिवळा पडेल. प्रत्यक्षात ती गणपतीच्या मखरासारखी असते. सामान माळ्यावर असतं, पण मखर दरवर्षी नव्याने उभं करावं लागतं. एखादी पट्टी हरवलेली असते, तिच्या जागी दुसरी बसते, आणि दोन वर्षांनी ती मूळचीच वाटायला लागते. आठवणही सांगताना दर वेळी अशीच नव्याने जुळवली जाते.

ती जुळवताना बाहेरचा धक्कासुद्धा पुरतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांचे सहकारी जॉन पामर यांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. काहींना विचारलं, ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?’ काहींना विचारलं, ‘गाड्या एकमेकींवर आदळून चुरडल्या तेव्हा वेग किती होता?’ पहिल्यांचं सरासरी उत्तर ताशी ३२ मैलांच्या आसपास, दुसऱ्यांचं ४१ च्या आसपास. फिल्म तीच. प्रश्नातलं एक क्रियापद तेवढं बदललं होतं.

म्हणजे आठवणीत होणाऱ्या गडबडीचा मोठा वाटा विचारणाऱ्याच्या तोंडून येतो. ही जबाबदारी आपली आहे.

आता दुसरी बाजू. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार १७ मार्च १९४९ ला पोलिसांच्या हातून मारला गेला. कामगार त्या दिवशी नाटो कराराच्या विरोधात रस्त्यावर उतरले होते. बऱ्याच वर्षांनी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने गावकऱ्यांना विचारलं, तर अनेकांनी ठामपणे सांगितलं की तो १९५३ साली, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या चकमकीत गेला. कागद बघितले तर हे सरळ चूक आहे. पण पोर्तेल्लींनी विचारलं, एवढी माणसं एकसारखीच कशी चुकली? त्यांना उत्तर सापडलं ते असं: आपला पोरगा मारला गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, हे गावाला सहन होत नव्हतं. नोकऱ्यांसाठीच्या लढ्यात तो गेला असं मानलं की त्या मरणाला अर्थ येत होता. मृत्यूची तारीख कागदाने दिली, तो मृत्यू गावाने कसा पचवला हे चुकीच्या तारखेने सांगितलं.

याचा अर्थ वाटेल ते खरं मानायचं असा नाही. सातबारा, फेरफार, शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, त्या काळची वर्तमानपत्रं यांच्याशी पडताळा घ्यायचाच. फक्त फरक सापडला की निवेदकाचं म्हणणं खोडून टाकायचं नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचं आणि फरक का पडला ते शोधायचं. सामूहिक जखमांच्या बाबतीत हे अधिकच लागू. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, सिडकोसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या दोन दिवसांबद्दल दहा जणांना विचाराल तर दहा वेगळ्या जागांवरून पाहिलेले दिवस ऐकायला मिळतील. ते दहाही टिपायचे.

तारखा मात्र थेट विचारू नयेत. ‘कोणत्या साली?’ म्हटलं की माणूस अडखळतो, आपली परीक्षा चालू आहे असं त्याला वाटायला लागतं. आपल्या भागात सालं बांधायच्या खुंट्या तयार आहेत. कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर? तो डिसेंबर १९६७ चा. खाडीवरचा वाशीचा पहिला पूल झाला होता का? १९७३. वाशीला लोकल आली होती का? १९९२. घरात २६ जुलैचं पाणी शिरलं तेव्हा हे कपाट होतं का? २००५. या खुंट्यांना आठवण बरोबर अडकते.

## प्रश्न: गळ नको, पाग हवा

खाडीवर वाढलेल्यांना हे लगेच कळेल. गळ टाकला तर आमिष ज्या माशासाठी लावलं, तोच लागतो. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकला की त्या पाण्यात जे आहे ते वर येतं. मुलाखतीत निदान पहिला अर्धा तास पागच फेकायचा.

पाम बीच रोडलगतच्या एका गावठाणात मी एका आजींकडे गेलो होतो. मनात प्रश्न पक्का होता, आणि मी तो तसाच विचारला: ‘आजी, जमीन गेली तेव्हा खूप वाईट वाटलं असेल ना?’ आजी म्हणाल्या, ‘हो.’ आणि पदराची घडी नीट करत बसल्या. पुढे शब्द नाही. मी विचारलेल्या प्रश्नातच उत्तर भरून दिलं होतं, त्यांना सांगायला काही उरलंच नव्हतं.

मग मी वही मिटली आणि विचारलं, ‘तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा या ओट्यावर बसलं की समोर काय दिसायचं?’ आजी ओट्याच्या कडेला सरकल्या. आज समोर तीन मजली घर आहे, त्याच्या खाली मोबाईलचं दुकान. त्यांनी त्या घराकडे बोट केलं आणि डावीकडून उजवीकडे हात फिरवत बोलायला लागल्या. इथे बांध. बांधाच्या अलीकडे आमचं भात. पलीकडे खाडी. ही उघाडी, बांधातली झडप, भरती आली की आपोआप मिटायची, ओहोटीला उघडायची. तिथे सासरे निवट्या, चिखलातले मासे, धरायचे. इथून मिठागरावर कामाला जायची वाट. चाळीस मिनिटं मी जवळपास काही बोललो नाही.

‘काय दिसायचं’, ‘सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं’, ‘मग काय झालं’, ‘ते जरा समजावून सांगा’ असे प्रश्न चालतात. ज्यांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं, ते शक्यतो टाळावेत. एका वेळी एकच प्रश्न. ‘का?’ हा शब्द जपून वापरावा. तो जाब विचारल्यासारखा लागतो. आणि निवेदक थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. मनात दहा आकडे मोजा. आपल्याला ती शांतता अवघड वाटते, पण बहुतेक वेळा तो माणूस त्या दहा सेकंदांत पन्नास वर्षं मागे गेलेला असतो आणि परत येताना काहीतरी घेऊन येतो.

वस्तूही बोलतं करतात. जुना पाग, भात मोजायची पायली, लग्नातला फोटो. एका काकांनी कारखान्याचा जुना पास हातात घेतला आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पाळ्यांचं सगळं वेळापत्रक सांगितलं, भोंग्याच्या वेळांसकट.

निवेदक हाताने दाखवत ‘एवढा’ म्हणाला तर आपण तोंडाने म्हणायचं, ‘म्हणजे कोपरापर्यंत?’ रेकॉर्डरला हात दिसत नाही. आजींचा तो फिरणारा हात माझ्या ध्वनिमुद्रणात नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

## यंत्र कोणतं लागतं?

फारसा खर्च न करता भागतं. साधा मोबाईलही चालतो. विमान मोड लावा, फोनमधली जागा मोकळी करा, निवेदकापासून हातभर अंतरावर टॉवेलाच्या घडीवर ठेवा. शंभर-दोनशे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक मिळाला तर उत्तम. फाईल शक्यतो वेव्ह (WAV) प्रकारची असावी. एमपीथ्रीमध्ये जागा वाचवण्यासाठी आवाजाचा काही भाग टाकून दिलेला असतो आणि तो परत मिळत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं एक तासाचं ध्वनिमुद्रण साधारण १ जीबी भरतं.

खरा शत्रू म्हणजे घरातला आवाज. पंखा, टीव्ही, ओट्यासमोरची रिक्षा. त्या दिवशी आजींच्या सुनेने आत कुकर लावला होता. आजी बांधाचं शेवटचं सांगत होत्या आणि नेमक्या त्याच क्षणी शिट्टी झाली. ऐकताना दोन शब्द त्याखाली गेले. मी अंदाजाने लिहिलं: ‘मग बांध फुटला.’ कुकर बंद होईपर्यंत थांबायला हवं होतं, किंवा निदान ‘आजी, परत सांगता का?’ म्हणायला हवं होतं.

सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, निवेदकाचं आणि आपलं नाव बोला. दीड तासाच्या पुढे ताणू नका. ऐंशीच्या माणसाचा आवाज तासाभरात बसतो. घरी आल्यावर त्याच दिवशी तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. मी एकदा हे उद्यावर ढकललं आणि फोन बिघडला. ते बाबा पुढच्या पावसाळ्यात गेले.

## ‘आमच्याकडे काय आहे सांगण्यासारखं?’

बायका हे हमखास म्हणतात. शेजारी बसलेला मुलगा लगेच म्हणतो, ‘तिला काय विचारता, मी सांगतो.’ अशा वेळी बाईंशी वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी बोलावं; भाजी निवडताना, ओटीवर. बांध आणि मोर्चा पुरुष सांगतात. खाऱ्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात गोडं पाणी किती लांबून डोक्यावर आणायचे, बाळंतीण होडीतून कशी न्यायचे, मासळीची पाटी घेऊन किती चालायचे, हे मला बायकांनीच सांगितलं.

आणि अशा प्रश्नांमुळे आठवण उगाच गोड होत नाही. ‘पूर्वी किती छान होतं’ असं ऐकायची आपल्याला हौस असते. पण त्याच गावात एक काका मला म्हणाले की कारखान्यात नोकरी लागली तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. मिठागरावर बापाचे पाय सडलेले त्यांनी पाहिले होते. तेही तितकंच नोंदवायचं.

तुम्ही घरातले असलात तर एक अडचण येते: आजी म्हणते, ‘तुला ठावं हायेच की.’ तेव्हा सांगा, ‘मला आहे, पण पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला नाही.’

## कागदावर सही कशाला? घरचीच तर माणसं

कारण आवाज घराबाहेर जाणार आहे. संमती म्हणजे ध्वनिमुद्रण कशासाठी, कोण ऐकेल, कुठे राहील हे आधी सांगून घेतलेला होकार. सही येत नसेल तर तोच होकार रेकॉर्डरवर घ्यावा. मुलाखत झाल्यावर पुन्हा विचारावं, कारण बोलायच्या आधी माणसाला ठाऊक नसतं आपण काय काय बोलून जाणार आहोत.

आपल्या भागात हा विषय फार नाजूक आहे. साडेबारा टक्के योजना, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड, हिने कितीतरी घरांत भावा-बहिणींचे वाद उभे केले. बोलता बोलता एखादी आत्या सांगते की हक्कसोडपत्रावर अंगठा कसा घेतला. ती हे मन मोकळं करायला सांगते, सगळ्या गावाला ऐकवायला नाही. अशा वेळी रेकॉर्डर थांबवायचा आणि विचारायचं, ‘हे ठेवू का? की तुमच्या हयातीत बंद ठेवू?’ काही भाग दहा-वीस वर्षं न उघडण्याची अट घालता येते. नाव न देण्याचीही. आणि ‘पुसून टाक’ म्हटलं तर तिथल्या तिथे पुसायचं. कितीही मौल्यवान वाटलं तरी.

रडू आलं तर घाबरू नये. पाणी द्यावं, गप्प बसावं, पुढे जायचं का ते त्यांना ठरवू द्यावं. उठून निघून येऊ नये; मुलाखत संपल्यावर चहा होईपर्यंत आजच्या गोष्टींवर बोलावं, म्हणजे तो माणूस त्या काळातून परत आलेला असतो.

## आता तर मोबाईलच ऐकून लिहून देतो की!

देतो, आणि पहिला कच्चा मसुदा म्हणून त्याचा उपयोगही आहे. एका तासाचं बोलणं हाताने उतरवायला सहा ते आठ तास लागतात. पण ही यंत्रं प्रमाण मराठी ऐकून शिकली आहेत. आगरी बोलीत शब्दाच्या आतल्या ‘ड’ चा ‘र’ होतो आणि ‘ळ’ चा ‘ल’: गाडीची गारी, डोळ्याचा डोला. ‘गावात’ ऐवजी ‘गावान’. यंत्राने ‘गारी’ चं काहीतरी भलतंच केलेलं मी पाहिलंय, आणि कधी कधी त्याहून वाईट, ते बोली गुपचूप दुरुस्त करून शाळेच्या पुस्तकासारखी करून टाकतं. वाचणाऱ्याला वाटतं आजी असंच बोलत होत्या. म्हणून शब्द जसा आला तसा लिहावा, अर्थ शेजारी द्यावा आणि मूळ आवाज कधीच टाकू नये. लिहिलेलं हे त्या आवाजाचं फक्त सूचिपत्र आहे.

लिहून झालं की निवेदकाला वाचून दाखवायचं. हा टप्पा बहुतेक जण गाळतात.

मी तीन आठवड्यांनी आजींकडे परत गेलो. ओट्यावर बसून एक एक पान वाचत होतो आणि त्या मान हलवत होत्या. सासऱ्यांचं नाव, उघाडीची जागा, सगळं बरोबर. मग मी वाचलं, ‘मग बांध फुटला आणि खारं पाणी शेतात आलं.’

आजींनी हात वर केला.

‘फुटला नाय,’ त्या म्हणाल्या. ‘फोरला.’

मी विचारलं, ‘फोडला? कोणी?’

आजींनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आमीच. भात लावाचा नवता ना आता. पोरांनी रातचा फोरला, मासली तरी येल म्हनून. माजा नवरा पन व्हता.’

पिशवीतला रेकॉर्डर काढण्याआधी मी त्यांना विचारलं, हे ठेवायचं का. त्यांनी सुनेला आतून कुकर उतरवायला सांगितलं, आणि मग म्हणाल्या, ‘लाव.’